नांगरासाठी केलेली उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आता निवडणुकांपुरताच उरल्यासारखा झाला आहे. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात त्याचा आणखी एक अर्थ रूढ होता. एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली, बहुधा तुटपुंज्या मोबदल्यात, धंदा शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. सुताराचा मुलगा सुतारकामाची उमेदवारी करी, लोहाराचा भात्यापाशी बसे. पांढरपेशा घरातल्या मुलाने करायचीच तर ती कचेरीतल्या कारकुनीची. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांनी हा शिरस्ता मोडला. अडचण एकच होती. त्यांना जो धंदा शिकायचा होता, तो शिकवणारा उस्ताद त्यांच्या परिसरात नव्हताच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रात आणि यंत्रात अधिक रमे. वडिलांच्या इच्छेविरुद्ध, पण थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आर्थिक आधारावर, १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आले की, काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार होण्याचा मार्ग तिथेच खुंटला. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत. तो विषय त्यांनी चालू ठेवला आणि त्याच्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली.

लक्ष्मणरावांची खरी उमेदवारी याच संस्थेत झाली, असे म्हणावे लागेल. वर्गात ते शिक्षक होते. मोकळ्या वेळेत संस्थेच्या कार्यशाळेत ते विद्यार्थी होत. कागदावर रेखाटलेला दांडा लेथवर प्रत्यक्ष कसा उतरतो, कोणता भाग कुठे झिजतो, हे त्यांनी यंत्रापाशी उभे राहून शिकून घेतले. इंग्रजी शिकलेल्या, टेबलाशी बसून पगार घेणाऱ्या माणसाने तेलाने हात काळे करून घेणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. आज मानले जाते, असेही छातीठोकपणे सांगवत नाही.

दरम्यान १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून शिवाय चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा उगम इथला. पुढे संस्थेतील बढती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले.

बेळगावच्या छोट्या कार्यशाळेत प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि त्यामागून लोखंडी नांगर. विलायती नांगर तोपर्यंत देशात आले होते. पण परका नांगर समोर ठेवून तसाच दुसरा घडविणे वाटते तितके सोपे नव्हते. आधी लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून वाळूचा साचा घ्यायचा, भट्टीतले वितळलेले लोखंड त्यात ओतायचे आणि निवाल्यावर साफ करून, भोके पाडून भाग जुळवायचे. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक स्वतंत्र कसब. त्यातही फाळ सर्वांत अवघड. मातीत घासून झिजू नये इतका तो कठीण हवा आणि दगडावर आदळून तुकडे होऊ नयेत इतका चिवटही. हे दोन गुण एकाच ओतकामात आणणे पुस्तक वाचून जमत नाही. भट्टीजवळ दिवस काढावे लागतात, पुष्कळ माल मोडीत काढावा लागतो.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांत समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. याला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे योग्य नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, त्याचा फाळ लोहार शेवटी, आणि मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने दिला जाई. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. मोडला तर दुरुस्ती गावात होईलच याची शाश्वती नव्हती. बलुत्याची अवघी व्यवस्था या एका अवजाराने हलणार होती. अखेर नांगराची बाजू जमिनीनेच मांडली. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा मुळासकट उपटून माती पालथी घालण्याचे काम लाकडी नांगराच्या आवाक्याबाहेरचे होते.

धंदा जरा उभा राहतो तोच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, कारण नगरपालिकेला तो भाग वस्तीविस्तारासाठी हवा होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने माजलेल्या, सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे येऊन राहिली. त्यातून उभी राहिलेली किर्लोस्करवाडी देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक होय.

इथे लक्ष्मणरावांची भूमिका बदलली. स्वतःला उस्ताद न मिळालेला माणूस आता इतरांचा उस्ताद झाला. ओतकामाचे शिक्षण देणारी शाळा जवळपास नसल्याने कारखाना हीच शाळा झाली. माणूस पारखताना त्यांनी प्रमाणपत्र पाहिले नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे हीदेखील सुरुवातीच्या मंडळींतील नावे. शिक्षा भोगलेल्या माणसांवर वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले आणि अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला गेला नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि १९२६ मध्ये पाणी उपसण्याचे पंप बाहेर पडले. त्याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियंता होऊन परतले, ते वाडीच्याच कारखान्यात कामाला लागले. वडिलांना ज्या ज्ञानासाठी मोकळ्या वेळेत कार्यशाळेच्या दाराशी जावे लागले होते, ते मुलाने पदवीच्या रूपाने आणले होते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण आणि विद्यावेतन यांना कायद्याची चौकट देणारा शिकाऊ उमेदवार कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ मध्ये आला.