लोखंडी नांगराचे पहिले गिऱ्हाईक

कोल्हापुराहून पुण्याच्या गाडीने जाताना मिरज, सांगली मागे पडली की किर्लोस्करवाडी नावाचे स्टेशन लागते. आपल्या मंडळातील बऱ्याच भगिनींनी ते पाहिले असेल. माणसाच्या आडनावाचे स्टेशन कसे, असे मी लहानपणी वडिलांना विचारले होते. त्यांनी आमच्या गोठ्यामागे गंजत पडलेल्या आजोबांच्या लोखंडी नांगराची आठवण दिली. तो नांगर तिथलाच. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मला तो नांगरच आठवला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रे काढण्याची हौस फार, म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नव्हते, तेव्हा रंगकाम सोडावे लागले. मग ते यंत्रांची चित्रे काढण्याकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे बढतीची पाळी त्यांची असताना ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघा भावांचा सायकलींचा धंदा 1888 पासूनचा. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवीत आणि रामूअण्णा ती विकीत. पण त्या काळी सायकल बसायला येणार कोणाला? म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवीत. मला ही गोष्ट फार आवडते. वस्तू हातात देऊन मोकळे झाले नाहीत, ती वापरता येईपर्यंत गिऱ्हाइकाबरोबर राहिले.

मग कडबा कापण्याचे यंत्र निघाले. ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांना सांगायला नको, अख्खी पेंढी टाकली तर म्हैस पाला खाते आणि दांडे पायाखाली तुडवते. बारीक कुट्टी केली तर गव्हाणीत काही उरत नाही. हा फायदा त्याच दिवशी डोळ्यांना दिसतो.

नांगराचे तसे नव्हते. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला आणि शेतकरी त्याला हात लावीनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक येत नाही, असा लोकांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! घरात माणसे जेवायला आहेत, कारखान्यात लोखंड आणून टाकले आहे, आणि तयार माल भिंतीला टेकून उभा. त्यांच्या पत्नी राधाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. मला मात्र त्याचे म्हणणे कळते. नांगर वाईट निघाला तर लक्ष्मणरावांचा एक नांगर परत येणार, शेतकऱ्याचे मात्र अख्खे वर्ष जाणार. लाकडी नांगर माती नुसती उकरतो, लोखंडी नांगर खोल जाऊन ती पालथी करतो, हरळीची मुळे वर येतात. पण हे सांगून पटत नाही, शेजाऱ्याच्या रानात उभे पीक पाहावे लागते. पहिल्या काही जणांनी धाडस केले, त्यांच्या बांधावर उभे राहून इतरांनी पाहिले, आणि मग मागणी आली.

इतक्यात बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. त्या सुमारास औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे निवडुंगाचे रान, त्यात साप. 1910 च्या मार्चमध्ये तिथे कारखान्याचा मुक्काम पडला आणि पुढे त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले!

1920 साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी गिऱ्हाइकांसाठी एक लहानसे खबरपत्र काढले. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि 1930 मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघाले. माझ्या आत्याच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक होते, दुपारी पडल्या पडल्या मी ते वाचत असे. नांगर खपवण्यासाठी काढलेल्या पत्रातून बायकांच्या हाती मासिक आले, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले.

आता हे मी कशासाठी लिहिले ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाचजणींनी नाचणीचे पापड केले. पैसे प्रत्येकीने घरखर्चातून वाचवून घातले होते. एका दुकानदाराने पाकिटे ठेवून घेतली आणि महिन्याने तशीच परत दिली. घरात थट्टा झाली ती वेगळीच. माझ्या माळ्यावर साठ पाकिटे पडली होती, पावसाळा तोंडावर आलेला, आणि दोघीजणी पैसे परत मागण्याच्या बेतात होत्या. त्या दिवसांत मला आजोबांचा नांगर पुन्हा आठवला.

बाजारच्या दिवशी मी शेगडी आणि एक पाकीट घेऊन एसटी स्टँडजवळ बसले. पापड भाजायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईच्या हातावर ठेवायचा, विकत घ्या म्हणायचे नाही. पहिल्या दिवशी चार पाकिटे गेली. पुढच्या बाजाराला त्यांतल्या दोघी परत आल्या, एक आपल्या जावेला घेऊन. दिवाळीपर्यंत माळा रिकामा झाला. यंदा नाचणी दुप्पट भिजवायची की नाही, यावर पाचजणींचे अजून एकमत व्हायचे आहे.