मुले आली नाहीत, म्हणून शाळा वाड्यात गेली

अंगणवाडी हा शब्द आपल्या वस्तीत सगळ्यांच्या तोंडी आहे. सेविकाताई, खिचडी, वजनकाटा, सगळे ओळखीचे. पण हा शब्द आला कुठून, असे आम्ही कार्यकर्त्यांना विचारतो तेव्हा बहुतेक जण सरकारी योजनेचे नाव घेतात. योजना १९७५ ची. शब्द त्याआधीचा, आणि त्याचा आपल्या माणसांच्या अंगणाशी थेट संबंध आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या घरात झाला. १९१४ मध्ये बी.ए., मग अमरावतीच्या वकिलाशी लग्न आणि १९२१ मध्ये घटस्फोट. त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ साली दादरचे शिशुविहार उभे राहिले. इथवर लाभ झाला तो मुख्यतः शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांतल्या मुलांना. ताराबाईंना हेच खुपत होते.

म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. (हा शब्द आमचा नाही. बाबासाहेबांनी १९३८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात त्याला विरोध केला होता. पण तेव्हाचे नाव तेच.) मुले का येत नव्हती, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. कुणाच्या तरी अंगणात सतरंजी पसरायची, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधने कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर मोजणी आणि रंगओळख चालली. अंगणात भरते ती अंगणवाडी.

आज गावात अंगणवाडीची खोली कोणत्या आळीत बांधायची, यावरून ग्रामपंचायतीत वाद झाला तर आपल्या पोरांनी हा इतिहास तिथे सांगावा. वाड्यात बांधा म्हणणे ही सवलत मागणे नव्हे. अंगणवाडी सुरूच तिथे झाली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी राहते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी.