सी. रामचंद्र आणि मागच्या रांगेतली माणसं

कॉलेजच्या गॅदरिंगला कधी बँडमध्ये वाजवलंय का तुम्ही? मी वाजवलंय. कीबोर्ड. आमचा बँड जेमतेम दोन वर्षं चालला. एक गिटार, एक ढोलकी, उसना आणलेला ऑक्टोपॅड आणि एक गाणारा. दोन गॅदरिंग, एक युवक महोत्सव, गल्लीतला एक गणपती, संपलं. मग कुणी पुण्याला गेला, कुणी एमपीएससीच्या मागे लागला. परवा मोबाइलमध्ये तेव्हाचा एक व्हिडिओ सापडला. गाणारा झकास दिसतोय. आम्ही बाकीचे अंधारात. खाली नावही त्याचं एकट्याचं.

राग नाही आला, पण खटकलं. तेव्हा ज्या माणसाबद्दल वाचत होतो, त्याची गोष्ट तुम्हाला सांगतो.

रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 12 जानेवारी 1918, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुणतांबं म्हणजे गोदाकाठ. तीच गोदावरी पुढे आपल्या गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला येते, म्हणजे माणूस तसा आपल्याच नदीचा. गाणं शिकला विनायकबुवा पटवर्धनांकडे. चेहरा बरा म्हणून सिनेमात हीरो व्हायला गेला. 'नागानंद'मध्ये झालाही, पण ते काही चाललं नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोटी कामं, आणि तिथेच संगीत विभागात हार्मोनियमची साथ. हीरो व्हायला आलेला पोरगा पेटीवाला झाला. तुमच्यापैकी कितीजण इंजिनीअरिंगला जाऊन भलतंच काही करताय, बघा जरा!

1942 मध्ये मास्टर भगवानच्या 'सुखी जीवन'ला त्याने संगीत दिलं. पुढे सगळे त्याला अण्णा म्हणायला लागले, तर आपणही अण्णाच म्हणू. 1947 ला 'शहनाई' आला आणि लोक चक्रावले. तबला-ढोलकच्या जगात अण्णांनी सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन, चक्क शिट्टीसुद्धा आणली. काहींना हा धिंगाणा वाटला. पोरं मात्र खुश! 1952 मध्ये तर आकाशवाणीने सिनेमाची गाणी बंदच केली, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन लावला. आज तुमच्या हेडफोनमधल्या गाण्याला घरचे नावं ठेवतात ना, तेव्हाही हेच चालायचं.

आता मुद्द्याचं. अण्णा पटवर्धनबुवांचे शिष्य. ट्रम्पेटची फुंक त्यांच्याकडे आली कुठून?

ती आली गोव्याहून. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे. ही पोरं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायची. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलातली कामं घटली आणि सिनेमाचे स्टुडिओ त्यांचा आधार झाले. त्यांच्यातला बाप माणूस म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव आल्दोना, जन्म 1916. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

अण्णांनी त्याला हाताशी धरलं. संगीतकार चाल गुणगुणणार, पेटीवर दाखवणार. हे लोक ती कागदावर नोटेशनमध्ये उतरवणार, कुठे ट्रम्पेट, कुठे व्हायोलिन ते मांडणार, आणि मग सगळे मिळून एकदम वाजवणार. आजच्यासारखं वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडायची सोय नव्हती. एकाचा सूर चुकला की सगळ्यांचं पहिल्यापासून!

1951 चा 'अलबेला' यूट्यूबवर काढा. भगवान आणि गीता बाली नाचतायत, ते सगळेच बघतात. तुम्ही त्यांच्या मागे बघा. झालरीच्या बाह्या घालून एका गाण्यात वाजवणारे लोक नट नाहीत, तो चिकचा खराखुरा बँड आहे. आपल्या लग्नात वरातीपुढे ट्रम्पेटवाला जोर लावतो ना, त्या फुंकेचं जुनं नातं इथपर्यंत पोचतं.

1957 च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' तर तुम्हाला पाठच असेल. त्याची गंमत अशी सांगतात, की म्युझिक रूमबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीतून ते सुचलं आणि अण्णांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्द घुसवले. म्हणजे अख्खा देश कळत नकळत कोकणी गातोय!

अण्णा फक्त धिंगाण्याचे नव्हते. 1953 चा 'अनारकली' ऐका, माणूस वेगळाच वाटेल. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लताबाईंनी नेहरूंसमोर शहिदांचं जे गाणं म्हटलं, त्याची चालही अण्णांचीच. पुढे हिंदीत काम कमी होत गेलं. 1970 ला मराठीत 'घरकुल' केला. 1977 ला 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. 5 जानेवारी 1982 ला ते गेले.

आता एक गोष्ट जुळवून बघा. अण्णांनी किती नावांनी काम केलं? संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, कुठे श्यामू, आणि गायक म्हणून नुसतं चितळकर. एका माणसाची पाच नावं. आणि त्यांच्या मागे वाजवणाऱ्या बहुतेकांचं रेकॉर्डवर एकही नाही. चिकला निदान 'नादान'सारख्या सिनेमात संगीतकार म्हणून स्वतःचं नाव लावता आलं. तो 1967 मध्ये गेला. बाकीचे दिवसाचं काम करायचे, पैसे घ्यायचे, घरी जायचे.

यात अण्णांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी तीच पद्धत होती. पण आज पद्धत आपल्या हातात आहे. यंदाच्या युवक महोत्सवाचा व्हिडिओ टाकाल तेव्हा खाली ढोलकीवाल्याचं नाव टाका. ऑक्टोपॅड ज्याचा उसना आणला, त्याचंही टाका. दोन मिनिटं लागतात.

मी माझ्या जुन्या व्हिडिओखाली काल चारही नावं लिहिली. ढोलकीवाल्याचं आडनाव आठवेना, म्हणून तीन वर्षांनी त्याला फोन केला. अर्धा तास बोललो राव.