युद्धात विमान उडवणाऱ्या गणितज्ञाने डेटाबेसला शिस्त लावली

१६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. औसा, निलंगा हे तालुके एका दिवसात नव्या जिल्ह्यात आले. नांदेडकरांनाही हे नवीन नाही, त्यांचं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं.

आता समजा, लातूरच्या आडतीवर एका तक्त्यात शेतमालाच्या पट्ट्यांची नोंद आहे. प्रत्येक ओळीत पट्टी नंबर, शेतकरी, गाव, तालुका, जिल्हा, माल, वजन असं सगळं लिहिलंय. जिल्हा बदलला की हजारो ओळी दुरुस्त करा. त्यातली एक जरी राहिली तरी एकच गाव दोन जिल्ह्यांत दिसणार. मग खरं कुठलं धरायचं?

या दुखण्यावर औषध शोधणारा माणूस म्हणजे एडगर कॉड. जवळचे लोक त्यांना टेड म्हणायचे.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्ध संपल्यावर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये लागले. तिथे सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधून काढण्याची मोहीम उघडली, ती काही त्यांना पटली नाही. १९५३ मध्ये ते सरळ कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले, चाळिशी ओलांडल्यावर पीएचडी केली आणि आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत पोहोचले.

तेव्हा डेटा शोधणं म्हणजे जुन्या कचेरीत कागद शोधण्यासारखं होतं. कुठलं कपाट, कुठला कप्पा, कुठला गठ्ठा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. मांडणी बदलली की प्रोग्राम बंद पडायचा. कॉड यांनी १९७० च्या निबंधात मांडलं की डेटा साध्या तक्त्यांत ठेवा. माणसाने काय हवंय तेवढं सांगावं, ते कसं शोधायचं हे मशीन बघेल.

पण तक्ते नीट नसतील तर काय उपयोग? म्हणून नॉर्मलायझेशन. पहिली पायरी त्याच निबंधात होती, दुसरी आणि तिसरी त्यांनी १९७१ मध्ये मांडली.

आपल्या आडतीवरच परत जाऊ. पहिली पायरी, एका रकान्यात एकच गोष्ट. 'सोयाबीन, तूर, हरभरा' असं एकत्र कोंबायचं नाही, प्रत्येक मालाला वेगळी ओळ. आता ओळ ओळखायला पट्टी नंबर आणि माल असे दोन्ही लागतात. वजन त्या दोन्हींवर ठरतं, पण शेतकरी कोण हे नुसत्या पट्टी नंबरवरून कळतं. म्हणून पट्टी आणि शेतकरी यांची जोडी वेगळ्या तक्त्यात, ही दुसरी पायरी. तिसरी सगळ्यात कामाची. जिल्हा शेतकऱ्यावरून ठरत नाही, तालुक्यावरून ठरतो. मग तालुका आणि जिल्हा यांचा स्वतंत्र तक्ता करायचा. औशापुढे 'लातूर' एकदाच लिहायचं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तसं जिल्ह्याचं नावच बदललं, तर या छोट्या तक्त्यात त्या जिल्ह्याच्या तालुक्यांच्या ओळी तेवढ्या बदलायच्या, बस्स.

नावाचीही एक गंमत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनशी संबंध सुरळीत करायच्या गोष्टी करत होते, त्यावरून हा शब्द सुचला असं कॉड नंतर सांगायचे. पण निबंध जून १९७० चा आणि किसिंजर यांची गुप्त चीनवारी जुलै १९७१ ची. त्यामुळे हा किस्सा जरा जपूनच घ्यावा.

आयबीएमने मात्र हात आखडता घेतला. त्यांचं जुन्या पद्धतीचं आयएमएस बाजारात चालू होतं, घरच्याच मालाला स्पर्धक कोण आणणार? कंपनीने प्रयोग केला, त्यातून आजच्या एसक्यूएल भाषेचं मूळ निघालं. पण १९७९ मध्ये बाजारात आधी उतरली ती लॅरी एलिसन यांची कंपनी, आजची ओरॅकल. आयबीएमचं पहिलं असं उत्पादन आलं १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे जो तो कंपनीवाला आपलं सॉफ्टवेअर रिलेशनल असल्याचं सांगत सुटला. कॉड यांनी १९८५ मध्ये खरं रिलेशनल कशाला म्हणायचं याचे बारा नियम छापून टाकले. मोजणी शून्यापासून असल्याने ते भरतात तेरा. १८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.