फुलराणीची बोली

मैत्रिणींनो, आपल्या मालेगावात असो, वाशीमला असो की रिसोडला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकपात्री स्पर्धा ठेवली की एक तरी मुलगी 'ती फुलराणी'तलं स्वगत करतेच. पदर खोचायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि त्या मास्तरावर तुटून पडायचं! टाळ्या हमखास. पण हे स्वगत पहिल्यांदा जिच्या तोंडून महाराष्ट्रानं ऐकलं, त्या भक्ती बर्वे कोण, असं विचारलं तर आजच्या मुली गप्प होतात. त्यांचा दोष नाही. त्या जन्मायच्या आधीच भक्तीताई गेल्या.

भक्तीताईंचा जन्म १० सप्टेंबर १९४८चा. सुधा करमरकरांनी मुंबईत १९५९ साली मुलांच्या नाटकांसाठी 'लिटल थिएटर' सुरू केलं, त्या बालरंगभूमीवर ही मुलगी उभी राहिली. पुढे मुंबई आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मग तिथं बातम्या वाचू लागल्या. स्मिता पाटीलही तेव्हा तिथंच मराठी बातम्या द्यायच्या. त्या वेळी बातम्या वाचणारी बाई म्हणजे शुद्ध मराठीचा नमुनाच. साडी नीटनेटकी, उच्चार स्वच्छ, 'न' आणि 'ण' आपापल्या जागी. आपल्याकडे टीव्ही खूप उशिरा आला, त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या बातम्या पाहण्याचं भाग्य आपल्याला नव्हतं. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो आणि घरात असला तर रेडिओ.

आणि अशा या शुद्ध वाणीच्या बाईला १९७५ साली भूमिका मिळाली ती कुणाची? तर फुलं विकणाऱ्या मंजुळेची, जिच्या बोलण्याला साहेब लोक नाकं मुरडतात!

'ती फुलराणी' पु. ल. देशपांड्यांनी लिहिलं ते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. लंडनची फुलवाली पुलंनी अशी काही मराठी केली की मूळ गोष्ट परदेशातली आहे हे विसरायला होतं. भाषेचा एक प्राध्यापक पैज मारतो, की या गावंढळ पोरीला काही महिन्यांत शुद्ध बोलायला शिकवून मोठ्या घरची म्हणून खपवून दाखवीन. प्राध्यापक झाले होते सतीश दुभाषी. तो शिकवतो, ती शिकते, पैज तो जिंकतो. पण त्या पोरीचं काय? जुन्या वस्तीत ती आता परकी आणि नव्या जगात तिला जागा नाही. नाटक हसवतं खूप, पण खरं टोचतं ते इथं.

मला विचाराल तर या भूमिकेतली भक्तीताईंची करामत वेगळीच होती. मंजुळा अशुद्धाकडून शुद्धाकडे जाते. भक्तीताईंना मात्र आधी उलटा प्रवास करावा लागायचा. रोज घोटलेली भाषा विंगेत ठेवून फुलवालीची रांगडी बोली अंगात आणायची आणि मग तीन तासांत पायरी पायरीनं परत वर चढायचं. बोली म्हणजे नुसते शब्द नव्हेत ना! हात कसे हलतात, मान कशी वळते, राग कुठून वर येतो, सगळंच बदलतं. त्यांच्या स्वगताचं चित्रीकरण आजही मोबाईलवर सापडतं, वेळ काढून बघा. चिडलेली मंजुळा मास्तराचा सूड कसा घेईन याची स्वप्नं रंगवते, तेव्हा ती कुठंच केविलवाणी वाटत नाही. तिच्या बोलीची चेष्टा करून हशा मिळवणं सोपं होतं. भक्तीताईंनी ते केलं नाही. प्रेक्षक मंजुळेला हसत नाहीत, तिच्या बाजूनं मास्तराला हसतात.

आपल्या वऱ्हाडी बायकांना याची किंमत जास्त कळावी. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांत बसलो आणि तोंडातून 'मले', 'तुले', 'काहून' निसटलं की कुणीतरी गालात हसतं. मग आपण सावध होतो, तोलून-मापून बोलतो, नाहीतर सरळ गप्पच बसतो. लेक शिकायला बाहेर गेली की चार महिन्यांत तिची भाषा बदलते आणि घरी फोनवर बोलताना ती दोन भाषांत अडकते. मंजुळेचं दुखणं काही लंडन-मुंबईपुरतं नाही.

गंमत बघा, दूरदर्शनवर याच भक्तीताईंनी बहिणाबाई चौधरीही उभ्या केल्या. जळगावजवळच्या आसोद्याची, अक्षरओळख नसलेली शेतकरी बाई. जात्यावर, शेतात गाणी रचणारी. १९५१ला बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलानं, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांच्या मदतीनं तिच्या कविता छापून आणल्या, तेव्हा कुठं जगाला कळलं. तिची बोली खानदेशी आणि आपल्या वऱ्हाडीच्या सख्ख्या शेजारची. जिथून प्रमाण भाषेतल्या बातम्या सांगितल्या, त्याच छोट्या पडद्यावर ही बोली त्यांनी तितक्याच मानानं आणली.

हिंदी सिनेमे त्यांनी मोजकेच केले. कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो, त्यातली मतलबी संपादिका शोभा सेन म्हणजे आपल्या भक्तीताई. मंजुळेचा मागमूसही नाही हो त्यात!

आणखी एक नाटक सांगायलाच हवं, अशोक पाटोळे यांचं 'आई रिटायर होतेय'. आयुष्यभर घर ओढलेली आई एक दिवस जाहीर करते, की मी आता घरकामातून निवृत्त. झालं, घराची दाणादाण! नवऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ मिळतो, आपल्याला कोण देणार? नाटक बघून बायका हसत बाहेर पडत आणि नवरे जरा गप्प, असं म्हणायला हरकत नाही. पुढे आपल्या विदर्भातल्या प्रेमानंद गज्वी यांच्या 'गांधी-आंबेडकर'मध्ये त्या विदूषक झाल्या. दोन महापुरुषांच्या वादात मध्ये उभं राहून दोघांनाही प्रश्न विचारणारा विदूषक, आणि ते काम एका बाईकडे! १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला होता.

त्यांचे पती म्हणजे अभिनेते शफी इनामदार, 'ये जो है जिंदगी'मधले. त्या नावानं आपल्यातल्या थोरल्यांच्या चेहऱ्यावर लगेच हसू येईल. १३ मार्च १९९६ला हृदयविकारानं ते अचानक गेले, वय अवघं ५०. भक्तीताईंनी रंगभूमी सोडली नाही.

१२ जून २००० रोजी पुलं गेले. भक्तीताई तेव्हा 'पु. ल., फुलराणी आणि मी' असा कार्यक्रम करत होत्या. नावातच सगळं आलं. सातारा जिल्ह्यातल्या वाईला हा कार्यक्रम करून मुंबईला परतताना पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला. तारीख १२ फेब्रुवारी २००१. पुलंना जाऊन बरोबर आठ महिने झाले होते. भक्तीताई ५२ वर्षांच्या होत्या.

त्यांच्यानंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा कितीतरी जणी मंजुळा झाल्या. प्रत्येकीची बोली थोडी निराळी, राग थोडा निराळा. आपल्याकडे कुणी मुलगी वऱ्हाडीतून मंजुळा करत असेल, तर मला बघायला आवडेल.