यंत्राच्या सोबतीची चार वर्षं

लोकनायक जयप्रकाश नारायण म्हटलं, की डोळ्यांपुढे उभं राहतं ते पाटण्याचं गांधी मैदान आणि ५ जून १९७४ ची ती संपूर्ण क्रांतीची हाक. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडणारा क्रांतिकारकही आठवतो. पण याच माणसाच्या अखेरच्या चार वर्षांत एक यंत्र त्याची सोबत करीत होतं, हे आपण विसरून जातो. ज्यांच्या घरी आज डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांना मात्र तीच वर्षं जवळची वाटतील.

२६ जून १९७५ ला दिल्लीत अटक झाली, तेव्हा जेपी बहात्तर वर्षांचे होते. मधुमेह आणि हृदयविकार आधीपासून होतेच. चंडीगडच्या स्थानबद्धतेत प्रकृती ढासळत गेली आणि १२ नोव्हेंबरला त्यांची सुटका झाली. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं तिथे स्पष्ट झालं आणि डायलिसिस सुरू झालं.

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा जखडला गेला! ही कैद वेगळी. रक्त शरीराबाहेर काढायचं, यंत्रातून स्वच्छ करायचं, परत आत सोडायचं. तासन्‌तास पडून राहायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मध्ये पाणी मोजून प्यायचं, मीठ आणि फळंसुद्धा जपून खायची. डायलिसिसनंतरचा थकवा तर वेगळाच. यातून कायमची सुट्टी नसते, हेच रुग्णाला पचवायला सर्वांत जड जातं.

खर्चाचा प्रश्न होताच. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. कुणी रुपया दिला, कुणी अधिक. १९७६ मध्ये पंतप्रधान मदत निधीतून ९०,००० रुपयांचा धनादेश आला. जेपींनी तो परत केला. लोकांच्या पैशावर जगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सत्तेच्या उपकाराखाली राहणं मात्र नको होतं. बँकेच्या नोकरीत मी आजारपणासाठी मुदत ठेवी मोडणारी माणसं पुष्कळ पाहिली. मदत लागणं वेगळं आणि मिंधं होणं वेगळं, हे त्यांचे चेहरे सांगत. जेपींना लोकांनी हात दिला. सामान्य घराला तो कुठून मिळणार? २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं, हा मोठा आधार. तरी येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज उरतोच.

पत्नी प्रभावतीदेवी १९७३ मध्येच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. पाटण्यात कदमकुआँच्या घरी जेपींची काळजी घेतली ती सहकाऱ्यांनी आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसांनी. इतिहासात त्यांना जागा नाही. पण १९७७ च्या निवडणुकीत विस्कळीत विरोधकांना एकत्र आणणारा हा वृद्ध उभा होता, तो त्यांच्याही जिवावर. घरोघरी असंच असतं. रुग्णाच्या सुईची वेळ सर्वांना ठाऊक असते. सोबतीला बसलेली बायको, सून किंवा मुलगा जेवला का, हे कुणी विचारत नाही.

१९७७ मध्ये उपचारांसाठी ते अमेरिकेत सिअॅटलला जाऊन आले. मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली, आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत होते! त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी जुळवून आणलेलं जनता सरकारही कोसळलं. ८ ऑक्टोबर १९७९ ला, सत्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, पाटण्यात त्यांनी देह ठेवला.

यंत्रानं त्यांना बरं केलं नाही. ते त्याचं कामही नव्हे. त्यानं वेळ दिला. त्या वेळात त्यांनी देशाचं राज्य बदललेलं पाहिलं. आपल्या घरातल्या रुग्णाला कदाचित नातवाची मुंज पाहायची असेल, लेकीचं लग्न उरकायचं असेल. तोही वेळ तितकाच मोलाचा. फक्त तो मिळवून देणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल, एवढं बाकीच्या घरानं पाहावं.