साडेपाचची कॉफी

बँकेतल्या निरोप समारंभात हार-नारळ झाले की निवृत्त होणारा माणूस हमखास एखादा संकल्प सोडतो. आता पेटी शिकणार, राहून गेलेलं लेखन पुरं करणार. टाळ्या पडतात. असे संकल्प मी तीस वर्षं ऐकले. तडीस गेलेले बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी मला एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रज टपाल अधिकारी आठवतो. अँथनी ट्रोलॉप. त्याने ३३ वर्षं सरकारी चाकरी केली आणि ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

त्याचा जन्म लंडनचा, १८१५चा. वडिलांची वकिली चालेना, शेतीही बुडाली. हॅरोच्या श्रीमंत शाळेत मळक्या कपड्यांतला हा मुलगा म्हणजे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. घर सावरलं ते आईने. पन्नाशी उलटल्यावर फ्रान्सेस ट्रोलॉपचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे देणेकऱ्यांच्या भीतीने कुटुंब बेल्जियमला गेलं, तिथे आजारी नवरा आणि क्षयाने खंगलेला मुलगा यांची सेवा करता करता तिने कादंबऱ्या लिहिल्या. घर जागं व्हायच्या आत, भल्या पहाटे तिचं लिहून होत असे.

१८३४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी अँथनी लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून चिकटला. पगार वर्षाला ९० पौंड. पहिली सात वर्षं वायाच गेली. कामावर उशीर, साहेबांची बोलणी. एक सावकार तर वसुलीला थेट कचेरीत येऊन उभा राही. कादंबरीकार व्हायचं मनात होतं, कागदावर काही नव्हतं. १८४१ साली त्याने आयर्लंडमधली जागा मागून घेतली आणि माणूस बदलला. घोड्यावरून गावोगाव हिंडायचं, तक्रारी तपासायच्या, पोस्टमनच्या वाटा आखायच्या. तिथेच त्याला भावी बायको भेटली, तिथेच लेखणी चालू लागली.

पण यश कुठलं! १८४७ पासूनच्या पहिल्या तीन कादंबऱ्या कोणी विकतही घेतल्या नाहीत. चौथी 'द वॉर्डन' १८५५ साली आली. तिचे वर्षअखेरीस हाती पडले दहा पौंडांहून कमी. तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. ही कादंबरी त्याला सुचली ती मात्र नोकरीमुळेच. टपालाच्या कामासाठी फिरताना १८५२ मध्ये सॅलिसबरीच्या जुन्या चर्चभोवती तो रेंगाळला होता. रस्त्याकडेच्या टपालपेट्या त्याच वर्षी त्याच्या सूचनेवरून जर्सी बेटावर उभ्या राहिल्या. म्हणजे काम टाळून लिहिणाऱ्यांतला तो नव्हे.

त्याची पद्धत हिशेबनिसाची होती. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, अर्धा तास कालचं वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. साडेआठला काम बंद आणि मग कचेरी. पानांची नोंद रोजच्या रोज वहीत. आळस केला की ती कोरी जागा डोळ्यांत खुपायची. आगगाडीच्या डब्यात मांडीवर पाटी घेऊन तो पेन्सिलीने लिही. १८५८ मध्ये हिंदुस्थानकडे जाणारी डाक इजिप्तमधून रेल्वेने न्यायचा करार करायला तो गेला होता. तिथे एक कादंबरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची सुरू झाली.

१८६४ मध्ये बढतीत त्याला डावललं गेलं. चिडून त्याने लगेच राजीनामा फेकला नाही. जेवढं पेन्शन बुडणार तेवढं उत्पन्न देईल इतकी रक्कम आधी बाजूला टाकली आणि १८६७ साली नोकरी सोडली. माझ्यातल्या बँकवाल्याला हे फार आवडतं. १८८२ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी निघालेल्या आत्मचरित्रात हा सगळा घड्याळाचा हिशेब वाचून पुष्कळांनी नाकं मुरडली. वाचकांनी मात्र त्याला आजवर सोडलेलं नाही.

त्याच आत्मचरित्रात एक नोंद मला अस्वस्थ करते. पहाटे उठवून कॉफी देण्यासाठी तो एका म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जादा देत असे. मोतद्दाराला कधीही उशीर झाला नाही, आणि आपल्या यशात त्याचा वाटा फार मोठा, हे ट्रोलॉपने लिहून ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेल्या कागदांची स्वच्छ प्रत काढायची ती बायको रोझ.

माझ्याही दोन कादंबऱ्या बँकेत असतानाच झाल्या, पहाटे. लोक माझ्या चिकाटीचं कौतुक करतात. पण पाचला उठून टेबलावर चहा ठेवणारी माझी पत्नी साडेसातला शाळेत शिकवायला जायची. तिला एम.ए. करायचं होतं, ते राहिलं. माझ्या पुस्तकांत प्रकाशकाचे आभार आहेत, मुद्रकाचे आहेत, चहाचे नाहीत. नोकरी सांभाळून काही करणाऱ्या माणसाच्या घरात कोणीतरी त्याच्याही आधी उठलेलं असतं. ट्रोलॉपने निदान ते जमाखर्चात धरलं.

गेल्या जूनपासून ती एम.ए.चा अभ्यास करते आहे. पहाटेचा चहा माझ्याकडे आहे. आतापर्यंत मला चारदा उशीर झाला.